कोल्हापूरची वाट आणि बिऱ्हाडाचे भाडे

पुण्याहून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला कोल्हापूर जवळ आल्याची पहिली वर्दी त्याचे नाक देते. दिवाळी उलटून गुऱ्हाळे पेटली, म्हणजे पंचगंगेच्या काठच्या मळ्यांतून उकळत्या रसाचा गोड, किंचित करपट वास वाऱ्याबरोबर येतो. मग शिरोलीचे कारखाने मागे पडतात, पुलाखाली पंचगंगेचे संथ पात्र दिसते, आणि शहरात शिरताना कावळा नाक्यावर घोड्यावर आरूढ झालेल्या महाराणी ताराबाईंचा पुतळा सामोरा येतो. अंबाबाईच्या दर्शनास अथवा रंकाळ्याची हवा खाण्यास आलेल्या पाहुण्यास एवढ्यानेच प्रसन्न वाटावे. परंतु जो मनुष्य चार दिवसांसाठी न येता भांडीकुंडी, देवघर आणि वृद्ध माणसे घेऊन कायमचे राहावयास येतो, त्याला हीच वाट निराळी दिसते. त्याच्यामागून एक मालमोटार येत असते, तिच्यात त्याचा सारा संसार असतो, आणि त्या मोटारीची किल्ली परक्याच्या हाती असते. गेल्या मार्गशीर्षात आम्ही याच रीतीने कोल्हापुरास आलो. त्या निमित्ताने या वाटेविषयी आणि तिच्यावरील भाड्याच्या तंट्यांविषयी जे पाहिले आणि समजून घेतले, ते घरोघरीच्या कर्त्या मंडळींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

कोल्हापूर हे मुळातच मालाच्या ने-आणीवर वाढलेले गाव आहे. देवीचे क्षेत्र आणि छत्रपतींची राजधानी म्हणून त्याची कीर्ति आहे खरी. पण त्याचे पोट भरले ते बाजारपेठेने. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. पुढे चारच वर्षांनी, १८९५ साली, छत्रपती शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहुपुरी ही नवी पेठ वसविली. कोकणातून घाट चढून येणारा माल, कर्नाटकाकडे जाणारा माल आणि देशावरचा गूळ या सर्वांची गाठ येथे पडत असे. अशा गावात माल वाहण्याचे शास्त्रच तयार होते, आणि त्या शास्त्राची भाषाही तयार होते.

या भाषेतील एक शब्द आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे, तो म्हणजे 'हुंडा'. हा शब्द उच्चारताच आपल्या मनात विवाहातील अनिष्ट रूढीच उभी राहते. परंतु जुन्या व्यापारी व्यवहारात हुंडा म्हणजे ठोक करार. माल एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविण्याचे भाडे आणि वाटेतील जकाती यांची मिळून एकच रक्कम ठरवावयाची, आणि ती पत्करणाऱ्याने माल मुक्कामी पोहोचता करावयाचा, ही हुंड्याची पद्धत. जो ती पत्करी तो हुंडेकरी. वाटेत कोणत्या नाक्यावर किती द्यावे लागले ही विवंचना मालाच्या धन्याची नसे. ती हुंडेकऱ्याची असे. मालवाहतूक करणाऱ्यास आजही कित्येक ठिकाणी हुंडेकरी म्हणतात. पण हुंड्याची मूळ कल्पना मात्र व्यवहारातून निसटली आहे. आणि आमच्या मते, हल्ली बिऱ्हाड हलविताना जे तंटे होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या निसटलेल्या कल्पनेतच आहे. भांडण रकमेवरून होते असे वरवर दिसते. वस्तुतः ते 'ही रक्कम कशाकशाची' या प्रश्नावरून झालेले असते.

आता आमच्याच बिऱ्हाडाची हकीकत सांगतो. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सर्वजण दादा म्हणतात, त्यांनी तीन कंपन्यांची माणसे घरी बोलावून सामान दाखविले होते आणि त्यांतील एकीचे पत्र पक्के केले होते. त्या कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. पत्रात चौऱ्याऐंशी नगांची यादी होती. रक्कम ३८,००० रुपये, 'डिझेल व टोलसह, दारापासून दारापर्यंत, पहिल्या मजल्यावर चढवून' असे स्पष्ट शब्द होते. त्यांपैकी १०,००० रुपये आगाऊ दिलेले होते. आमचे कोल्हापूरचे घर मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून थोडे आत, एका बोळात आहे, हेही पत्त्यासह लिहिलेले होते.

आम्ही मंडळी पुढे आलो होतो. दुपारी कंपनीचा मुकादम एकटाच आला. मालमोटार कावळा नाक्यावर उभी होती. त्याने दारातूनच सांगितले, "साहेब, गाडी बोळात येत नाही. लहान गाड्यांनी माल आणावा लागेल. त्याचे आणि बाकीचे मिळून साडेचौदा हजार जादा द्या, म्हणजे लगेच उतरवून देतो."

घरात आमच्या आत्याबाई होत्या. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. त्यांचा पाठीच्या दुखण्यासाठीचा पलंग आणि चालावयाचा आधार दोन्ही त्या मोटारीत. त्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. मुकादमास ते दिसत होते आणि त्याला ते दिसते आहे हे आम्हासही कळत होते. अशा तंट्यात दुसऱ्या पक्षाचे खरे बळ हेच असते. कायदा, पत्र, सचोटी हे सर्व आपल्याकडे असते. परंतु घड्याळ त्याच्याकडे असते.

दादांनी आवाज चढविला नाही. "अहो, आत या, बसा आधी. पाणी घ्या. सकाळपासून उपाशीच असाल," असे म्हणून त्यांनी वहिनींना चहा ठेवावयास सांगितले. मुकादम संकोचला, पण बसला. मग दादा म्हणाले, "साडेचौदा हजार ही रक्कम मला कळली. ती कशाकशाची, ते कागदावर मांडून द्या."

एवढ्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ चौकशीस आले. त्यांचे सारे आयुष्य गुळाच्या अडतीत गेलेले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि मुकादमाकडे वळून अस्सल कोल्हापुरी थाटात म्हणाले, "पावणं, ह्या गावात शेतकऱ्याला गुळाचं पैसं देताना बी पट्टी देत्यात. पट्टीबिगर पैसा मागायची रीत न्हाई हितं."

ही पट्टी म्हणजे काय, हे कोल्हापूरबाहेरच्या वाचकांस सांगितले पाहिजे. शेतकरी गुळाचे रवे बाजारात आणतो, सौदा होतो, आणि त्याला हिशेबाचा एक कागद मिळतो. त्यात वजन किती, दर काय, हमाली किती, तोलाई किती, या बाबी एकेका ओळीत वेगळ्या मांडलेल्या असतात. तिच्यावरून शेतकऱ्यास नेमका कोठे अन्याय झाला हे बोट ठेवून दाखविता येते. एकठोक सांगितलेल्या रकमेवर बोट ठेवता येत नाही; तिच्याशी घासाघीस तेवढी करता येते. तंट्याचे रूपांतर घासाघिशीत झाले, की ज्याला घाई आहे तो हरतो.

मुकादमाने अखेर कागद लिहिला. लहान गाड्यांचे ५,०००, जिन्याचे २,०००, टोलचे २,५००, खोळंब्याचे २,५००, यादीबाहेरच्या नगांचे २,५००. बेरीज बरोबर होती. पण कागदावर येताच त्या पाच आकड्यांचे स्वरूप उघडे पडले. पुणे-कोल्हापूर मार्गावर खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोल फास्टॅगद्वारे भरणे सक्तीचे झाल्यामुळे प्रत्येक नाक्यावरील रकमेची नोंद वाहनाच्या खात्यात आपोआप होते. दादांनी ती नोंद पाहावयास मागितली. शिवाय टोल पत्रातच धरलेला होता. ती ओळ खोडली गेली. पहिला मजला पत्रात होता; दुसरी ओळ गेली. खोळंबा कोणामुळे झाला, या प्रश्नास उत्तर नव्हते. तिसरी ओळ गेली. राहिल्या दोन. यादीत चौऱ्याऐंशी नग होते आणि भरले गेले एक्क्याण्णव, ही गोष्ट खरी होती. सात पेट्या पुस्तके वाढली होती. ते अडीच हजार देणे न्याय्य होते, आणि दादांनी ते तत्काळ मान्य केले. आपल्याकडील खरे देणे आधी कबूल करणे हे केवळ सौजन्य नव्हे. त्यामुळे उरलेल्या गोष्टीवर ठाम राहण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो.

वाद उरला तो लहान गाड्यांचा. आणि कोल्हापुरात हाच वाद वारंवार होतो, कारण हे गाव दोन प्रकारे वसलेले आहे. राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी या वस्त्या नंतरच्या काळातील. तेथील रस्ते सरळ, मालमोटार फाटकापर्यंत जाते. परंतु शिवाजी पेठ, मंगळवार पेठ आणि महाद्वार रोडच्या आसपासचा जुना गाव पायी चालणाऱ्यांसाठी आणि बैलगाडीसाठी वसलेला. तेथे बोळ वळतो, वळणावर तालीम किंवा देऊळ असते, वर विजेच्या तारा लोंबतात. मोठी गाडी बाहेर उभी करून, लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात त्या चिमुकल्या टेंपोने खेपा कराव्या लागतात. त्या खेपांचा खर्च खोटा नसतो. प्रश्न एवढाच, की तो कोणी सोसावयाचा. पत्रात 'दारापासून दारापर्यंत' हे शब्द आणि पेठेतील पत्ता, दोन्ही असताना तो खर्च धरूनच भाडे सांगितले गेले, असाच त्याचा अर्थ होतो. आमच्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर हा हुंडा होता.

मुकादमाने पुण्यास दूरध्वनी केला. पलीकडून हुकूम आला की, निदान पाच हजार दिल्याखेरीज माल सोडू नये; नाही तर गाडी परत वळवावी, आणि गोदामाचे भाडे दिवसागणिक लागेल. मुकादमाचा चेहरा उतरला. तो स्वतः रोजंदारीचा माणूस; हुकूम देणारा निराळा आणि शिव्या खाणारा निराळा, असे या धंद्याचे स्वरूप आहे. हे ध्यानात ठेवून गाडीवान आणि हमाल यांच्यावर राग काढू नये. हमालाच्या डोक्यावरील ओझ्याचे मोल ठरविण्यासाठी महाराष्ट्रात मोठे लढे झाले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली; मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले; आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. कष्टाचे दाम द्यावयाचेच. तंटा असतो तो कष्ट न करता मागितलेल्या रकमेचा.

येथे कायद्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण या बाबतीत दोन्हीकडे गैरसमज आहेत. कित्येकांस वाटते की वाहकाला माल अडविण्याचा अधिकारच नाही. तसे नाही. ठरलेले भाडे थकले असेल, तर ते मिळेपर्यंत माल रोखून धरण्याचा हक्क वाहकास असतो. परंतु तो हक्क ठरलेल्या, खऱ्या देण्यापुरता आहे. मागाहून सुचलेल्या आकड्यासाठी नाही. म्हणूनच तंटा उद्भवताच सर्वांत आधी करावयाची गोष्ट ही, की ठरलेली उरलेली रक्कम पुढे करावी, आणि ती पुढे केल्याचा लेखी पुरावा ठेवावा. रागाच्या भरात 'एक पै देणार नाही' असे म्हणणारा मनुष्य आपण होऊन दुसऱ्या पक्षाच्या हाती कायदा देतो. उलट, 'हे ठरलेले पैसे तयार आहेत, माल द्या' असे म्हणणाऱ्याचा माल त्यानंतर अडविला, तर ती अडवणूक होते, आणि त्यासाठी पोलिसांतही तक्रार देता येते.

दादांनी तसेच केले. उरलेले २८,००० आणि जादा नगांचे २,५००, मिळून ३०,५०० रुपये देण्यास तयार आहोत, असा संदेश त्यांनी कंपनीच्या क्रमांकावर लिहून पाठविला. उत्तर आले नाही. संध्याकाळ झाली. आत्याबाई तक्रार करीत नव्हत्या. पण त्यांनी दोनदा कूस बदलावयाचा यत्न केला आणि दोनदा ओठ घट्ट मिटले, ते सर्वांनी पाहिले. तेव्हा दादांनी ठरविले की तत्त्वासाठी म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर निजवावयाचे नाही. त्यांनी ते पाच हजार दिले. पण रोख दिले नाहीत. बँकेच्या खात्यातून दिले, आणि पावतीवर स्वहस्ते लिहिले: 'सदर ५,००० रुपये करारात नसून, अडविलेला माल सोडविण्यासाठी, हरकत कायम ठेवून देत आहोत.' मुकादमाची सही घेतली. रात्री आठ वाजता पहिला टेंपो बोळाच्या तोंडाशी आला. शेजारच्या तालमीतील सात-आठ पोरे न बोलावता आली आणि आत्याबाईंचा पलंग त्यांनी सर्वांआधी वर चढविला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा लिहावयास बसले. सर्व हकीकत, तारखा, पत्राची व पावतीची प्रत जोडून त्यांनी कंपनीस नोंदणी टपालाने नोटीस पाठविली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. त्याचबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीपुढे ठेवून सलोख्याचा यत्न करते. सातव्या आठवड्यात ते ५,००० रुपये खात्यात परत जमा झाले. सोबत दिलगिरीचा एक शब्दही नव्हता; पण त्याची आम्हास गरज नव्हती.

पैसे परत आले नसते, तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. महाराष्ट्रास या बाबतीत अभिमान वाटावा असा इतिहास आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आहे. त्यातील एक तरतूद बिऱ्हाड हलविणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे: तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. कंपनी पुण्याची असो की दिल्लीची, कोल्हापुरात राहावयास आलेल्या कुटुंबास कोल्हापुरातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

मोडतोड किंवा गहाळ झालेल्या वस्तूंची गोष्ट थोडी निराळी. त्यासाठी रस्तामार्गे मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. तो २०११ च्या मार्चपासून लागू झाला आणि त्याने १८६५ चा जुना कायदा रद्द केला. या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या वाहकाने माल घेतल्याची पावती द्यावयाची असते. लोक जिला बिल्टी म्हणतात तीच ही. मालाचे मूल्य आपण लेखी जाहीर केले नसेल, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दसपटीवर येऊन थांबते. तसेच माल हरवल्याचा वा खराब झाल्याचा दावा लावण्यापूर्वी, माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहकास लेखी नोटीस गेली पाहिजे. घराण्यातील शिसवी कपाट, तांब्याचा बंब, जुनी हस्तलिखिते यांचे मोल भाड्याच्या पटीत होत नसते. यास्तव अशा वस्तूंची यादी मूल्यासह वेगळी द्यावी. 'विमा' म्हणून जे पैसे मागितले जातात, त्यांबद्दल विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा क्रमांक विचारावा. तो नसेल तर तो विमा नव्हे. ते वाहकाचे तोंडी आश्वासन होय.

इतर देशांतही हे दुखणे आहे. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविताना सांगितलेला अंदाज बंधनकारक नसेल, तर अंदाजाच्या ११० टक्के रक्कम देताच वाहकाने माल द्यावाच लागतो. त्यावरील खऱ्या देण्याचे बिल मागाहून येते. म्हणजे भांडण राहो, पण पलंग घरात येवो, अशी ती व्यवस्था आहे. आपल्याकडे असा टक्क्यांचा नियम नाही. परंतु तोच करार आपण आपल्या पत्रात लिहून घेऊ शकतो: 'वाद झाल्यास ठरलेली रक्कम मिळताच माल उतरवून द्यावा, वादाचा निर्णय नंतर व्हावा.' हे एक वाक्य लिहावयास जी कंपनी नकार देते, तिच्या हाती आपले देवघर द्यावे की न द्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य आहे. ती म्हणजे पाऊस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक कित्येक दिवस बंद पडली आणि मालमोटारींच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. आषाढ-श्रावणात बिऱ्हाड हलविणे भागच असेल, तर रस्ता बंद झाल्यास खोळंब्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे आधीच लिहून ठेवावे. पूर हा कोणाचाच अपराध नसतो. म्हणूनच त्याचा खर्च दोघेही एकमेकांवर ढकलू पाहतात. तो निम्मानिम्मा वाटून घ्यावा, असे आधी ठरले तर दोघांसही जड जात नाही.

हिशेब मागण्याची ही वृत्ती कोल्हापूरच्या मातीतच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाही. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते खाजगी कंपनीकडून करून घेऊन त्यांवर टोल बसविण्यात आला, तेव्हा साऱ्या गावाने तो नाकारला. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली. प्रा. एन. डी. पाटील, कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध मंडळी आंदोलनाच्या अग्रभागी होती. २०१४ च्या जानेवारीत टोलनाके पेटविले गेले. त्या जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्या आंदोलनाचा जो विचारी भाग होता, त्याची मागणी नीट पाहण्यासारखी आहे. झालेल्या कामाचे मूल्यांकन करा, खर्च किती झाला ते मांडा, असे लोक म्हणत होते. म्हणजे पट्टी दाखवा. २०१५ च्या डिसेंबरात राज्य शासनाने तो टोल रद्द केला. एका कुटुंबाचा पाच हजारांचा वाद आणि एका शहराचा कोट्यवधींचा वाद यांत अंतर पुष्कळ आहे. पण मागणी एकच, की रक्कम सांगणाऱ्याने ती कशाची हेही सांगावे.

यावरून बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबांस आमची सूचना थोडक्यात अशी. कंपनीचा माणूस घरी येऊन सामान पाहिल्यावाचून भाडे ठरवू नये. नगांची यादी करावी. कर वेगळा दाखवावयास सांगावा. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, दोन्ही घरांचे मजले, जिना, उद्वाहक, बोळाची रुंदी आणि अवजड वाहनांना शहरात येण्याच्या वेळा यांचा उल्लेख पत्रात असावा. पेठेतील घर असेल तर लहान गाडीच्या खेपा धरल्या आहेत की नाहीत, हे शब्दशः लिहून घ्यावे. ऐन दिवशी सामान वाढले तर त्याचे दाम गाडी निघण्यापूर्वीच ठरवावे. माल उतरल्यावर पेट्या मोजून, मोडतोड पावतीवर लिहून मगच सही करावी. वृद्धांच्या आणि बालकांच्या नित्य गरजेच्या वस्तू शक्य तितक्या आपल्याबरोबर आणाव्या. पलंगासारखी जी वस्तू आणता येत नाही, ती मोटारीत सर्वांत शेवटी भरावी, म्हणजे ती सर्वांआधी उतरते.

एकत्र कुटुंबात या कामाची वाटणी करता येते, हा आपल्या पद्धतीचा मोठा लाभ आहे. पत्रव्यवहार एकाने पाहावा, यादी दुसऱ्याने, आणि मुकादमाशी बोलणे एकानेच करावे. दहा जण दहा तोंडांनी बोलू लागले, की ठरलेली गोष्टही बिघडते. सुनांनी व मुलींनी या व्यवहारापासून दूर राहावे असे मुळीच नाही; आमच्या घरी नगांची यादी वहिनींनी केली होती, आणि चौऱ्याऐंशीचे एक्क्याण्णव कसे झाले हे त्यांच्याच वहीवरून सिद्ध झाले.

कोल्हापूर हे पाहुण्याला पोटभर जेवू घालणारे, शेजाऱ्याच्या मदतीला धावून जाणारे गाव आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी उतरणारे ऊन, जोतिबाच्या डोंगरावरून येणारा वारा, पहाटे देवळात वाजणारी सनई यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. ते सुख भोगावयास जे कायमचे येथे येतील, त्यांनी वाटेवरचा व्यवहार चोख ठेवून यावे; म्हणजे नव्या घरातील पहिली रात्र तंट्यात न जाता शांतपणे जाईल.